पोटखराबा

ट्रेसिंग पेपरवरची शाई खोडरबराने जात नाही, ती खरवडावी लागते. दाढीचं अर्धं ब्लेड घ्यायचं, दोन बोटांत किंचित वाकवायचं आणि रेघेवरून हलक्या हाताने एकाच दिशेला ओढत राहायचं. जोर लावला तर कागद फाटतो. घाई केली तर त्याला लव सुटते आणि वर नवी शाई फुटते. रेघ गेली की त्या जागेवर अंगठ्याचं नख घासायचं, म्हणजे कागद पुन्हा गुळगुळीत होतो. हे काम मला छान जमायचं. आमच्या ऑफिसात कुणाची रेघ चुकली की ट्रेसिंग माझ्या टेबलावर यायचं.

१९९४ च्या उन्हाळ्यात मी असंच एक कोतर खरवडून काढलं.

कोतर हा आम्हा बडोदेकरांच्या मराठीत मुरलेला गुजराती शब्द. महाराष्ट्रात घळ म्हणतील. बडोद्याखाली खडक नाही, नद्यांनी आणून टाकलेली पिवळसर, भुसभुशीत गाळमाती आहे खोलवर. विश्वामित्री पावागडावरून निघते, शहराच्या मधोमध नागमोडी वळणं घेते, पुढे ढाढरला मिळते आणि ते पाणी खंबायतच्या आखाताकडे जातं. दर पावसाळ्यात शेतांवरून नदीकडे उतरणारं पाणी ही माती कापत आलंय. अशी शेकडो वर्षं कापली गेली की कोतर होतं. वरून बघाल तर बाभळी आणि थोराची नुसती एक ओबडधोबड पट्टी दिसते. काठाशी जाऊन उभं राहिलात तर पायाखाली दोन-तीन पुरुष खोल, गार, सावलीचं एक वेगळंच जग उघडतं.

मी ड्राफ्ट्समन होतो. एका खासगी सर्व्हे ऑफिसात अठ्ठावीस वर्षं काढली. त्या प्लॉटच्या मोजणीला मी स्वतः गेलो होतो. मे महिना होता. वर डम्पी लेव्हल, म्हणजे जमिनीचा उंचसखलपणा मोजायची दुर्बीण लावलेली, आणि स्टाफ, म्हणजे आकडे कोरलेली उंच पट्टी धरणारा पोरगा कोतरात उतरलेला. बराच वेळ झाला तरी त्याचा आवाज येईना, म्हणून मी मागोमाग उतरलो. तो मान वर करून उभा होता. समोरच्या उभ्या मातीच्या भिंतीत बोटभर-बोटभर अंतरावर भोकं होती आणि त्यांतून वेडे राघू आत-बाहेर करत होते. प्रत्येकाच्या चोचीत माशी नाहीतर चतुर. वर ४२ अंशांचं ऊन होतं आणि खाली वाळक्या पानांच्या थराला ओल होती. करंजाची सावली होती. एका बाजूला मोठं वाकडं बीळ होतं, तोंडाशी माती नांगरल्यासारखी उकरलेली आणि हाडाचा एक कुरतडलेला तुकडा पडलेला. तिथेच मला साळिंदराचा काटा सापडला. वीतभर लांब, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा, दोन्हीकडे निमुळता होत गेलेला. मी तो शर्टाच्या खिशाला लावला आणि ऑफिसात आल्यावर पेनस्टँडमध्ये ठेवला.

मोजणी मी मन लावून उतरवली. कोतराच्या समोच्चरेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेघा, इतक्या दाटीने येत होत्या की सगळ्यात बारीक निबाचं पेन घ्यावं लागलं. आठवड्याने लेआउटची शीट परत आली. साहेबांनी विचारलं, ‘‘हे कशाला दाखवलंय? सात-बारात पोटखराबा आहे तो. भराव टाकणारच आहेत.’’

मी ब्लेड घेतलं. त्या रेघा खरवडायला दुपार गेली. साळिंदराचा काटा समोर पेनस्टँडमध्येच होता. मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा होतो, नवीन लग्न झालेलं होतं, आणि खरं सांगायचं तर त्या दुपारी मला काहीच वाटलं नाही. खरवडलेली जागा कुठे होती ते उजेडात धरूनही कळत नाही म्हणून साहेबांनी कौतुक केलं, त्याचा आनंदच झाला.

पोटखराबा या शब्दाशी माझं भांडण नंतर सुरू झालं, आणि ते अजून मिटलेलं नाही.

हा महसुलाचा शब्द आहे. सर्व्हे नंबरच्या पोटात जो भाग लागवडीला येत नाही, म्हणजे ओढा, घळ, खडक, पायवाट, तो पोटखराबा. गुजरातीत नुसतं ‘खराबो’. त्यावर आकारणी होत नाही. शब्द तयार झाला तेव्हा प्रश्न एकच होता, या जमिनीतून पीक किती निघेल आणि सारा किती बसेल. एवढ्या प्रश्नापुरतं ते उत्तर बरोबरच होतं. पण कागद शेतीचा होता तो बिनशेतीचा झाला, टीपी स्कीम म्हणजे नगररचना योजना आली, फायनल प्लॉट पडले, आणि शब्द तसाच पुढे सरकत राहिला. जिथे ज्वारी येत नाही तिथे काहीच नाही, असा त्याचा अर्थ होऊन बसला. एखाद्या वडावर किंवा तळ्यावर राडारोडा टाकायचा झाला तर चार माणसं विचारतात तरी. खराब्यात ट्रक उलटा करायला कुणाला विचारावं लागत नाही.

आणि हे आमच्या गावात व्हावं! इ.स. ८१२ च्या राष्ट्रकूट ताम्रपटात वडपद्रक नावाचं गाव दान दिल्याची नोंद आहे, तेच हे बडोदे, वडाच्या झाडांवरून नाव पडलेलं. त्याच्या पश्चिमेला नदीपलीकडे अंकोट्टक, म्हणजे आजचं अकोटा, जिथे जैन धातुमूर्तींचा मोठा ठेवा सापडला. ते नाव अंकोल वृक्षावरून आलं असं सांगतात. नदीच्या दोन काठांवर दोन गावं आणि दोन्हींची नावं झाडांची. लहानपणी दांडिया बाजारातल्या घरातून आजोबा मला रविवारी कमाटीबागेत न्यायचे. सयाजीराव महाराजांनी १८७९ साली उभी केलेली ही बाग विश्वामित्रीला लागूनच आहे. पुलावर थांबून आजोबा खाली बोट दाखवायचे. आधी मला ओंडका दिसायचा. मग तो ओंडका डोळा उघडायचा.

मगरींचं सांगितल्याशिवाय कोतराचं सांगून होत नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला हा प्राणी, वाघाच्या बरोबरीचा, आणि तो आमच्या रेल्वे स्टेशनपासून चालत जाण्याइतक्या अंतरावर राहतो. २०२० च्या गणनेत शहराच्या पट्ट्यात २७५ मगरी मोजल्या होत्या, फेब्रुवारी २०२५ च्या गणनेत ४४२. एवढ्या मोठ्या संख्येने मगरी ऐन वस्तीत राहतात असं दुसरं शहर मला तरी माहीत नाही. पण त्या फक्त पाण्यात राहतात असं आपण समजतो, तिथे चुकतं. मगर काठाच्या मातीत लांब बीळ खणते. उन्हाळ्याची काहिली आणि हिवाळ्यातला गारठा त्यात काढते. साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये पाण्याच्या पातळीच्या वर, कोरड्या उतारावर खड्डा करून पंचवीस-तीस अंडी घालते. त्या खड्ड्यात ऊब किती, त्यावर पिल्लं नर होणार की मादी ते ठरतं. पाऊस तोंडावर आला की पिल्लं अंड्यातूनच हाका मारतात. ती ऐकून आई माती उकरते आणि एकेक पिल्लू जबड्यात धरून पाण्यापर्यंत पोचवते. हे सगळं व्हायला मातीचा काठ लागतो, उतार लागतो, झाडोऱ्याचा आडोसा लागतो. दगडी पिचिंग केलेल्या सरळ भिंतीत यातलं काहीच होत नाही.

आणि कोतर एकट्या मगरीचंही नाही. कोल्हा तिथे दिवस काढतो. घोरपड, उदमांजर, मुंगूस, अजगर. साळिंदर जोडीने राहतं, रात्री निघतं, मुळं-कंद खातं आणि हाडं कुरतडतं. बोरीची, हिंगणबेटाची, पिलूची झाडं तिथे कुणी लावलेली नाहीत, पक्ष्यांनी आणि कोल्ह्यांनी बी टाकून उगवलेली आहेत. उपऱ्या गांडो बावळने, म्हणजे वेड्या बाभळीने, बरीच जागा बळकावली आहे हेही खरं. पण तिच्याही काटेरी जाळीत बुलबुल घरटं करतो, कारण तिथे मांजर पोचत नाही. सोसायट्यांच्या आणि रस्त्यांच्या मधोमध हे सगळे जीव ये-जा करतात ते याच खोल गल्ल्यांतून. एक कोतर बुजलं की त्याच्या पलीकडचं कोतर नदीपासून तुटतं.

आता २०११ कडे येतो. माझी भाची आणि जावई फ्लॅट बघत होते. रीसेलचा, पहिल्या मजल्यावर, हवेशीर. ती कागदांची फाइल घेऊन माझ्याकडे आली. ‘‘मामा, तुला यातलं कळतं. एकदा बघून दे.’’ सर्व्हे नंबर बघताच मी ओळखलं. टायटल स्वच्छ होतं, बिनशेतीचा हुकूम होता, लेआउट मंजूर होता. मंजूर लेआउटच्या नकाशावर अक्षर माझं होतं. जिथे कोतर होतं तिथे ‘कॉमन प्लॉट’ आणि पार्किंग होतं. मी म्हणालो, ‘‘कागद व्यवस्थित आहेत.’’

ते व्यवस्थितच होते. व्यवस्थित मीच केले होते.

२०१९ च्या ३१ जुलैला एका दिवसात जवळजवळ ५०० मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा त्यांच्या पार्किंगमध्ये पाणी आलं. गाड्या गेल्या. मी गप्प राहिलो. ऑगस्ट २०२४ च्या शेवटच्या आठवड्यात विश्वामित्रीने २६ फुटांची धोक्याची खूण ओलांडली आणि पाणी ३५ फुटांच्याही वर गेलं. रात्री भाचीचा फोन आला. आवाज अगदी हळू होता, जणू खालचं कुणी ऐकेल. ‘‘मामा, पाणी जिन्याच्या सातव्या पायरीवर आहे. लाइट नाही. आणि खाली पार्किंगमध्ये काहीतरी मोठं फिरतंय.’’

उजाडल्यावर दिसलं. आठ-नऊ फुटांची मगर होती. ती कुणाच्या अंगावर आली नाही. मागच्या कंपाउंडच्या भिंतीच्या कडेकडेने जायची, कोपऱ्यापाशी थांबायची, वळायची, पुन्हा यायची. दीड दिवस. मग वनखात्याची माणसं आणि काही स्वयंसेवक पोरं छातीभर पाण्यातून आली, तिच्या जबड्याला दोरी बांधली, डोळ्यांवर ओला कपडा टाकला आणि तिला घेऊन गेली. २७ ते २९ ऑगस्ट या तीन दिवसांत वस्त्यांमधून अशा २४ मगरी पकडून सोडवल्या गेल्या, सगळ्यात लहान दोन फुटांची आणि सगळ्यात मोठी १४ फुटांची. त्यांच्याबरोबर साप, नाग, चाळीस-चाळीस किलोंची पाच कासवं. आणि एक साळिंदर. बातमीच्या शेवटच्या ओळीत तो उल्लेख होता. तो वाचून मी पेपर खाली ठेवला आणि बराच वेळ उठलो नाही.

मागची ती भिंत कुठे आहे ते मला ठाऊक होतं. कोतर नदीकडे वळायचं, त्याच्या तोंडावर. ती मगर जुनी वाट शोधत होती असं मी म्हणणार नाही. तीस वर्षांमागचं मगरीला काय ठाऊक, ते सांगणारा मी कोण? पण पाण्याची मला खात्री आहे. नदी चढली की कोतरांत उलटं शिरणारं पाणी तिथे साठतं, थांबतं आणि पूर ओसरला की सावकाश परत जातं. फुगलेल्या नदीने श्वास घ्यायची जागा आहे ती. शंभर ठिकाणी ती जागा बुजवली, तर तेवढंच पाणी दुसरीकडे चढणार. ते जिन्याच्या सातव्या पायरीवर चढलं.

पूर ओसरल्यावर, गाळ काढून झाल्यावर, मी भाचीला १९९४ ची सगळी गोष्ट सांगितली. ती भांडी पुसत होती. पुसत राहिली. मग म्हणाली, ‘‘फाइल बघायला दिली तेव्हाच सांगितलं असतंस तर?’’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

माझं आताचं घर कलालीच्या बाजूला आहे. मागे पाच मिनिटांवर एक कोतर आहे, रोज पहाटेचं फिरणं माझं तिकडेच. गेल्या दोन वर्षांत तिथे रात्री ट्रक यायला लागले. सकाळी बघावं तर तुटक्या फरशा, प्लास्टरचे तुकडे, बाथरूमच्या टाइल्स, सिमेंटच्या गोण्या. काठावरची दोन शिरीषाची झाडं गळ्यापर्यंत पुरली गेली आणि एका उन्हाळ्यात वाळली. भराव थोडा दबला की वर मुरूम, मुरूम दबला की पत्र्याचं कुंपण, आणि कुंपणावर स्विमिंग पूलचं चित्र. हा क्रम मला पाठ आहे.

आम्ही सातजण जमलो. त्यात पलीकडच्या सोसायटीतल्या निवृत्त शिक्षिका आहेत, त्यांना सगळे बेन म्हणतात. दोन कॉलेजच्या मुली आहेत, एक रिक्षावाले काका आहेत. सगळ्यांना कोतर हवंच आहे असं नाही, आणि तो विरोध मी हलका मानत नाही. एक तरुण आई मीटिंगमध्ये सरळ म्हणाली, ‘‘काका, तुम्हाला मगरी आवडतात. माझी पोरं खाली खेळतात, त्यांचं काय?’’ खरं आहे तिचं. विश्वामित्रीवर माणसं दगावलेली आहेत. तिला दिलासा देऊन चालणार नव्हतं, काम सांगायला हवं होतं. कोतराच्या काठावर जाळीचं कुंपण, रात्री दिवा, आणि सगळ्यात आधी कचरा बंद. उष्टं-खरकटं, मेलेली जनावरं तिथे फेकली की कुत्री आणि डुकरं येतात, आणि त्यांच्या मागावर मगर वर येते. ती बाई आता कचऱ्यावर नजर ठेवते. आमच्यात सगळ्यात खमकी तीच निघाली.

कायदा आमच्या बाजूने आहे. नदीकाठ ‘विकसित’ करायच्या योजनेचं काम राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्ये पर्यावरण मंजुरीच्या मुद्द्यावर रोखलं होतं. मे २०२१ च्या निकालात लवादाने विश्वामित्रीची हद्द आखायला, पूरमैदानं आणि अतिक्रमणं यांकडे लक्ष द्यायला सांगितलं. बडोद्याच्याच काही नागरिकांनी वर्षानुवर्षं चिकाटीने तो लढा दिला. २०२५ च्या उन्हाळ्यात नदीचं पात्र रुंद आणि खोल करण्याचं मोठं काम झालं. पुराने पोळलेल्या माणसांना ते हवं होतं, हे मी समजू शकतो, त्यांत माझी भाचीही होती. पण पोकलेन चालले ते महिने मगरीच्या अंड्यांचे होते. आणि एकीकडे कोट्यवधी खर्चून पाण्याला जागा करायची आणि दुसरीकडे रात्रीच्या अंधारात पाण्याची आयती जागा बुजवू द्यायची, याचा हिशेब कुठल्या साइट इंजिनिअरने मला मांडून दाखवावा.

अर्ज घेऊन गेलो तेव्हा खिडकीवरच्या माणसाने सभ्यपणे विचारलं, ‘‘कोतर कुठे आहे? नकाशावर तर काही नाही.’’

म्हणून मी नकाशा काढायला बसलो. ओळखीच्या एका जुन्या सर्व्हेयरकडून डम्पी लेव्हल आणली. सहा रविवार लागले. स्टाफ कॉलेजच्या मुलींनी धरला. कोतराची लांबी ३४० मीटर भरली, त्यातले ६० मीटर भरावाखाली गेलेले. सगळ्यात खोल जागी नऊ मीटर. मुलींनी प्रत्येक मोठ्या झाडाला नंबर दिला. अंकोलाची तीन झाडं निघाली, एकमेकांना खेटून, फेब्रुवारीत पांढऱ्या फुलांनी भरलेली. अकोट्याला नाव देणारं झाड मी साठीला टेकल्यावर पहिल्यांदा ओळखलं.

संगणकावर काढता आलं असतं, मुली म्हणतही होत्या. मी ट्रेसिंग पेपर आणला. हात आता थरथरतो, एक समोच्चरेषा काढायला तीनदा श्वास धरावा लागतो. दोनदा रेघ चुकली, आणि कपाटातून ब्लेड काढावं लागलं. चुकलेली रेघ खरवडली आणि जिथे हवी तिथे पुन्हा काढली.

अर्जाला आवक नंबर मिळाला आहे. एकदा पंचनामा झाला. दिवाळीपासून ट्रक आलेले नाहीत, उद्या येणार नाहीत असं नाही. रिक्षावाले काका रात्रीची शेवटची फेरी तिकडून मारतात.

परवा पहाटे बेन आणि मी उतारावरून खाली गेलो होतो. भराव संपतो तिथून पंधरा-वीस पावलांवर करंजाच्या मुळांशी बीळ आहे. तोंडाशी ताजी माती होती, वरच्या दवाने अजून भिजलेली नव्हती, म्हणजे नुकतीच उकरलेली. मातीवर छोटे, जवळजवळ बाळाच्या तळव्यासारखे ठसे, आणि ठशांच्या मागे जमिनीवर घासत गेलेल्या काट्यांच्या बारीक रेघा. बेन खाली वाकल्या, बघितलं, आणि काही न बोलता माझा हात धरून मला दोन पावलं मागे घेतलं, ठसे मोडू नयेत म्हणून.

घरी येऊन मी शीट पुन्हा उलगडली. नकाशाच्या खुणांमध्ये विहीर असते, देऊळ असतं, विजेचा खांब असतो. साळिंदराच्या बिळाला खूण नाही. करंजाच्या उजवीकडे मी सगळ्यात बारीक निबाने एक लहान वर्तुळ काढलं आणि बाजूला लिहिलं : बीळ. वापरात आहे.